संगणकाचे लठ्ठपण

आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीतील संगणक नऊ वर्षांचा आहे. बाप्तिस्मा व विवाह यांचे दाखले, कबरस्थानाचा हिशेब आणि रविवारचे सूचनापत्रक, एवढेच त्याचे काम. गेल्या वर्षी तपासणीस आलेल्या गृहस्थांनी सांगितले, "फादर, यंत्रात बिघाड काही नाही, पण नवी आवृत्ती ह्याच्यावर चालायची नाही. भंगारात द्या." बिघाड नाही, तरी भंगार! हा न्याय आम्हांस मान्य नाही, आणि ज्यांना तो निमूटपणे मान्य आहे त्यांच्याशी आमचे भांडण आहे.

आमच्या आधी हे भांडण फार अधिकारी माणसाने मांडले होते. निकलाउस विर्थ हे स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ. १९७० साली त्यांनी पास्कल ही संगणकभाषा प्रसिद्ध केली, १९८४ साली त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले, आणि १ जानेवारी २०२४ रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, ते निवर्तले. सडपातळ सॉफ्टवेअरची बाजू घेणारा त्यांचा लेख १९९५ सालचा. त्याच्या पंचवीस वर्षे आधी मजकूर लिहिण्या-खोडण्याचा प्रोग्रॅम ८,००० बाइटांत बसत असे. त्याच्या वंशजांना मात्र शंभरपट जागा लागू लागली, ही त्यांची तक्रार. यंत्रे ज्या वेगाने चपळ होतात त्याहून अधिक वेगाने प्रोग्रॅम मंद होतात, हा सिद्धान्त आज विर्थ यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी स्वतः मात्र त्याचे श्रेय मार्टिन रायझर यांना दिले होते. (हा गुण आम्हा धर्मगुरूंतही दुर्मिळच!)

ह्या लठ्ठपणाची कारणे कोणती? विर्थ यांनी घाईला अग्रस्थान दिले. माल लवकर बाजारात आणायचा, मग विचार करून कापछाट करण्यास सवड कोठली? येथे आम्हांस ब्लेझ पास्कल आठवतात, ज्यांचे नाव विर्थ यांनी आपल्या भाषेला दिले. १६५६ सालच्या एका पत्रात त्यांनी लांबणीबद्दल क्षमा मागून, आखूड लिहिण्यास वेळ मिळाला नाही, असे कारण दिले होते. ती पत्रे येशूसंघीयांवर तुटून पडणारी, आणि रोमने ती निषिद्ध ठरविली. त्यामुळे सेमिनरीत त्यांचा उल्लेख दबक्या आवाजात होई. परंतु ते कारण सोळा आणे खरे होते.

दुसरे कारण आपल्याकडे बोट दाखविते. आवश्यक काय आणि नुसती सजावट कोणती, हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. जे गुंतागुंतीचे ते प्रगत, असे तो समजतो. वाचकहो, आपल्या घरातील मोबाइलमधल्या किती सोयी आपण वर्षभरात एकदा तरी वापरल्या? तरीही मुलाने हट्ट धरला की कर्ज काढून नवा आणणारी कुटुंबे आमच्या पाहण्यात आहेत.

विर्थ केवळ उपदेश करून थांबले नाहीत. झुरिक येथे त्यांनी युर्ग गुटक्नेख्त यांच्यासह ओबेरॉन ही भाषा आणि तिच्यावर उभी असलेली संपूर्ण कार्यप्रणाली रचली. मुख्य काम दोघांचेच. २०१३ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी ती नव्याने घडवून प्रसिद्ध केली. त्यांच्या भाषांतरक-प्रोग्रॅमला एक नियम होता, असे त्यांचे शिष्य सांगतात: त्यात कोणतीही सुधारणा घालावयाची, तर ती घातल्यावर त्या प्रोग्रॅमने स्वतःचेच भाषांतर पूर्वीपेक्षा लवकर केले पाहिजे. नाहीतर सुधारणा बाद. अशी कसोटी आमच्या मंडळांच्या ठरावांना लावली तर किती टिकतील कोण जाणे.

"आता स्मृती स्वस्त आहे, मग ही कंजुषी कशाला?" असे प्रतिपक्ष विचारतो. स्वस्त कोणाला? दर पाचसहा वर्षांनी सबंध यंत्र बदलावे लागणाऱ्या शाळेला ती स्वस्त नाही, आणि टाकलेली यंत्रे फोडून, तारा जाळून तांबे काढणाऱ्या मजुराच्या फुप्फुसांना तर नाहीच. ही किंमत विकणाऱ्याच्या हिशेबात येत नाही, म्हणूनच त्याला ती दिसत नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही विर्थ यांच्यामागे डोळे मिटून जाणार नाही. आजच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात; हा लेखसुद्धा त्या ८,००० बाइटांत मावणार नाही, मग जोडाक्षरे जुळविणारा प्रोग्रॅम कुठून मावावा? आपली भाषा पडद्यावर आली ती यंत्रांची स्मृती वाढली म्हणून, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण मराठीला लागलेली जागा ही त्या सुजेचा कितीसा भाग? उरलेल्या ओझ्याचे समर्थन तिच्या नावावर कोणी करू नये.

आमचा संगणक भंगारात गेला नाही. धर्मग्रामातील एका तरुणाने त्यावर हलकी, विनामूल्य कार्यप्रणाली बसवून दिली. मे महिन्यातील लग्नांचे सगळे दाखले त्यावरच निघाले. प्रिंटर अधूनमधून रुसतो. तेव्हा आम्ही दाखला हाताने लिहून देतो.