‘मालकच नाही’ म्हणून हात झटकू नका



ब्लॉकचेनवरच्या समूहाला, म्हणजे ‘डाओ’ला, मालक नसतो, मग बुडालेल्या मेहनतान्यासाठी दावा लावायचा कोणावर, असे विचारून गेल्या अंकातील पत्रलेखक मोकळे झाले. कोडिंग किंवा भाषांतर करून टोकनची वाट पाहणाऱ्या तरुणांना हा सल्ला महागात पडेल.

अमेरिकेत ही पळवाट बरीच अरुंद झाली आहे. नोंदणी नसलेला असा समूह भागीदारी असू शकतो आणि मतदानाचे टोकन बाळगणारे भागीदार ठरू शकतात, हा मुद्दा २०२३ मध्ये बीझेडएक्स डाओच्या खटल्यात कॅलिफोर्नियातील न्यायालयाने प्राथमिक टप्प्यावर ग्राह्य धरला. २०२४ मध्ये लिडो डाओच्या प्रकरणात तीन बड्या गुंतवणूक कंपन्यांनाही सुरुवातीलाच सुटका मिळाली नाही. ऊकी डाओला तर समन्स बजावले गेले संकेतस्थळावरच्या मदत-चॅटमधून! हे खटले मेहनतान्याचे नव्हते, मान्य. पण ‘समोर कोणीच नाही’ हा बचाव तिथेच लंगडा पडला.

आपल्याकडे करार कायदा, १८७२ चे कलम ७० आहेच. फुकट करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ समोरच्याने घेतला, तर लेखी करार नसतानाही मोबदला मागता येतो. खरी अडचण वसुलीची: टोपणनावे, परदेशी वॉलेट. म्हणून काम दिल्याचा ठराव, मतदानाची नोंद, चॅट, वॉलेटचे पत्ते आजच जतन करावेत. दाव्याची मुदत साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षे असते.

रक्कम किरकोळ असेल तर वकिलाची फीच जड होते, हे पत्रलेखकांचे म्हणणे मात्र पटते.

— एक वाचक, पुणे