आमचं गलबत बाद

मला भांडता येत नाही. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाची ती शक्तीच जाते. पासबुक छापायचं मशीन बंद पडलं की गिऱ्हाईक माझ्या तीर्थरूपांपर्यंत पोचतं आणि मी 'जेवणाच्या सुट्टीनंतर या' एवढंच म्हणतो. पण गेल्या दिवाळीत मी भांडलो. सोसायटीच्या भर पटांगणात, नवा झब्बा घालून, आणि तेही एका गलबतासाठी.

त्याचं असं झालं. आमच्याकडे दर दिवाळीला किल्ल्यांची स्पर्धा असते. विटा, माती, गोणपाट, वर पेरलेले अळीव, माथ्यावर महाराज आणि पायथ्याशी महाराजांपेक्षा मोठा वाघ. सगळं रीतसर. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपण या वेळी जहाज करू या." मी पडलो बी. कॉम. लाकडाशी माझा संबंध खुर्चीपुरता. तरी 'हो' म्हणून बसलो.

दुकानात इंग्रजांच्या 'व्हिक्टरी' जहाजाचा संच होता. किंमत ऐकून मी हप्ते विचारले. मराठी गलबताचा संच आहे का, म्हटल्यावर दुकानदारानं माझ्याकडे आम्ही बुडीत खात्याकडे पाहतो तसं पाहिलं.

तेव्हा घरीच बांधायचं ठरलं. रॉबर्ट ऑर्म नावाच्या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारानं आंग्र्यांच्या आरमाराचं वर्णन करून ठेवलंय, ते आधाराला घेतलं. गलबत म्हणजे सहसा सत्तर टनांच्या आतलं चपळ जहाज. दोन डोलकाठ्या, मोठ्या काठीवर एकच भलंथोरलं तिकोनी शीड, वजन हलकं राहावं म्हणून चिरलेल्या बांबूंचं डेक आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की हीच गलबतं मोठ्या गुराबांना दोरानं ओढून शत्रूच्या अंगावर नेत.

आधी सागवानी पट्टीचा कणा. त्यावर प्लायच्या फासळ्या. मग पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवायच्या, हळूहळू वाकवायच्या, फेव्हिकॉलनं चिकटवायच्या आणि सुकेपर्यंत चापांनी धरून ठेवायच्या. घाई केली की पट्टी मोडते. घरातले सगळे चाप गलबतावर गेले आणि माझा ऑफिसचा शर्ट वाऱ्यावर. बांबूच्या डेकसाठी खराटा दिवसेंदिवस हडकत गेला. वल्ही उदबत्तीच्या काड्यांची; त्यासाठी महिनाभर देवापुढे इतक्या उदबत्त्या जळल्या की सासूबाईंचं माझ्याविषयीचं मत प्रथमच सुधारलं. शीड माझ्या जुन्या बनियनचं, चहाच्या पाण्यात रंगवलेलं.

टबात सोडलं तर गलबत आडवं! चिरंजीवांचा चेहराही आडवा. मग तळाशी रुपयाची नाणी एकेक करून ठेवत गेलो. सतराव्या नाण्याला गलबत ताठ उभं राहिलं आणि डुलायला लागलं. 'तरलता' हा शब्द मी बावीस वर्षं बँकेच्या कागदांवर वाचतोय. त्याचा अर्थ त्या रात्री न्हाणीघरात कळला.

आणि निकाल काय? "गलबत सुंदर, पण किल्ला नाही. बाद."

पहिलं बक्षीस कोणाला? सिंधुदुर्गाला! आता मंडळी, तुम्हीच सांगा. सिंधुदुर्गाला चारी बाजूंनी समुद्र. इथे भोवती निळा जिलेटीन कागद आणि त्यावर दोन प्लॅस्टिकची बदकं. होडी म्हणाल तर एक नाही. मी विचारलं, "हे मावळे किल्ल्यात शिरले कसे? बदकांवर बसून?"

अध्यक्ष म्हणाले, "अहो साहेब, दिवाळीत किल्लाच करतात. परंपरा आहे. आणि नियम म्हणजे नियम, हे तुम्हीच आम्हाला काउंटरवरून सांगता ना?"

इथे माझा तोल गेला.

कसली परंपरा? १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर महाराजांनी तिथल्या खाडीवर जहाजं बांधायला घेतली. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ सालची. म्हणजे आधी गलबत, मग जलदुर्ग. त्या बेटावर चुना आणि शिसं काय पोहत गेलं? पुढे १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं. एकमेकांना बांधलेली जहाजं, एकाला आग लागली आणि बघता बघता सगळी गेली. तोफा इंग्रजांच्या, पण त्या मोहिमेत त्यांच्या जोडीला होते पेशवे, म्हणजे आपलेच. किल्ला दगडाचा, तो उरला. गलबतं लाकडाची, ती गेली. आणि आपण दर दिवाळीला जेवढं उरलं तेवढंच मातीत करतो. याला परंपरा म्हणत नाहीत, याला शिल्लक म्हणतात. शिल्लक मला कळते. जन्मभर तीच काढतोय.

तळमजल्यावरचे एक निवृत्त काका म्हणाले, "पण या खेळण्याचा उपयोग काय?" काका, आपल्या नौदलानं अजिंठ्याच्या एका चित्रावरून, खिळ्यांऐवजी काथ्यानं शिवलेलं 'कौंडिण्य' जहाज बांधलं आणि २०२५ साली दाखल करून घेतलं. नकाशा नाही, काही नाही. तेव्हा त्याचंही लहान खेळणंच करून आयआयटी मद्रासच्या मदतीनं पाण्यात तपासून पाहिलं होतं. लाकूड टिकत नाही म्हणाल, तर मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली १८१७ सालची 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतेय. तिथली पोरं तिकीट काढून मुंबईचं जहाज बघतात. मुंबईची पोरं जिलेटीन कागद बघतात.

आणि बाजारातून आणलेला प्लॅस्टरचा तयार राजगड तिसरा आला, हे जाता जाता सांगतो. त्याला कुणाचा हात लागला नव्हता, पण नियमात बसत होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. किल्ला जरूर करा. पण जलदुर्ग कराल तर त्याला एक तरी गलबत द्या, आणि ते पोरांच्या हातांनी होऊ द्या. वाकडं झालं तरी चालेल, आमचं अजूनही डावीकडे किंचित कलतं. पण माझ्या मुलाला आरमार म्हणजे आता परीक्षेतली सनावळ वाटत नाही. वारा पडल्यावर चाळीस वल्ही मारायची म्हणजे काय, हे ती चाळीस वल्ही तासल्यावर त्याला कळलंय.

'किल्ला किंवा गलबत' अशी नियमदुरुस्ती करावी म्हणून मी सोसायटीला तीन प्रतींत अर्ज दिला. उत्तर आलं, 'विचाराधीन.' हा शेरा मी स्वतः शेकडो अर्जांवर मारलेला आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला समजावून सांगायला नको.

म्हणून दुसरा कणा कापायला घेतलाय. या वेळी गुराब. सौ.नी चाप कुलपात ठेवलेत.