यती आणि कुकडीकाठची हत्यारं

एप्रिल २०१९ मध्ये भारतीय सैन्याने हिमालयातल्या मकालू तळाजवळच्या ३२ बाय १५ इंचांच्या पाऊलखुणांची छायाचित्रं यतीच्या खुणा म्हणून प्रसिद्ध केली आणि यती, म्हणजे हिममानव, खरा की खोटा, हा जुना वाद पुन्हा पेटला. आमचं मत स्पष्ट आहे: यती नाही. २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने यतीचे म्हणून जपलेले केस, हाडं, कातडी असे नऊ नमुने डीएनएवर तपासले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. शिवाय ऊन लागलं की बर्फातलं साधं पाऊलही पसरत जातं.

पण आणे पठाराच्या आसपास राहणाऱ्यांनी माणसासारख्या गूढ जीवाच्या शोधासाठी हिमालयाकडे का पाहावं? कुकडी नदीकाठी बोरी गावात ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. राखेचं वय पाऊण लाख वर्षं की चौदा लाख, यावर अभ्यासक कडाडून भांडले. हा वाद आम्हाला कितीतरी मोलाचा वाटतो, कारण इथे दोन्ही बाजूंच्या हातात राख आहे, दगड आहे, मोजता येईल असं काही आहे. ती हत्यारं घडवणारा जीव आपल्याच शिवारात वावरला. नदीकाठ उपसताना राखेचा तो थर नष्ट होऊ देऊ नका. शाळेची सहल तिथे न्या.