बुजगावण्याचा सदरा

औंढा नागनाथच्या आसपास बैठका घेत फिरताना शेतात बुजगावणी दिसतातच. दोन काठ्या, वर काळं मडकं, त्यावर चुन्याचे डोळे आणि अंगात सदरा. हा सदरा पुरुषाचाच का, हे एम.एस.डब्ल्यू. करताना मला कुणी विचारलं नव्हतं. विचार करायला लावला तो एका विधवा बाईने. तिच्या दीड एकरात मेलेल्या नवऱ्याचा सदरा उभा होता. "पाखरं भितात का?" म्हटलं, तर म्हणाली, "पाखरं चार दिसांत वळखतेत, ताई. माणसाला जरा येळ लागतो."

बाईचं लुगडंही शेतात असतं, पण बांधावर. रोही, रानडुक्कर येऊ नयेत म्हणून जुन्या साड्या शेताभोवती ताणतात. आणि पाखरांनी बुजगावणं ओळखलं, की ज्वारी दुधात असताना गोफण घेऊन माळ्यावर उभी राहते घरातली पोरगी. तिची शाळा बुडते. (सोयाबीन आल्यापासून ज्वारी घटली, म्हणून ही राखणही घटली. आपल्या प्रयत्नांनी नव्हे.)

पण खरं बुजगावणं सातबारावर आहे. या बाईचा सासरा वारला तेव्हा थोरल्या दिराचं एकट्याचं नाव लागलं, पुढे ‘ए.कु.पु.’, म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी. नवऱ्याचं नाव कधी चढलंच नाही, मग तिचं कुठून चढणार? १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांइतकाच वाटा आहे. कागदावर मात्र एक पुरुष हात पसरून उभा आहे आणि त्याच्यामागे कोण कोण राबतं ते दिसत नाही. कर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, सगळं त्या नावाला विचारून. बाई सरपंच झाली की तिला बुजगावणं म्हणून हसणारे लोक या नोंदीला कधी हसत नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे, की आपल्या गटांनी बचतीच्या हिशेबाआधी प्रत्येकीचा सातबारा वाचून घ्यावा. आम्ही वाचला तेव्हा ‘ए.कु.पु.’ हा शब्द अर्ध्याअधिक जणींनी पहिल्यांदा ऐकला. मीही तो पदवी घेतल्यावर बऱ्याच वर्षांनी शिकले, हे कबूल करते.

बाईने मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज दिला आहे. फेरफाराची नोटीस लागली आहे. दिराने अजून हरकत घेतलेली नाही. मुदत संपायला सहा दिवस आहेत. सदरा तिने काढलेला नाही.