घरगुती शास्त्र : कल्हई आणि दांते

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचा लौकिक आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्या घरांत पितळेचीं पातेलीं अद्याप वापरांत आहेत, तेथील गृहिणींस हेंही ठाऊक असतें कीं, कल्हई भांड्यांतील अन्नाचें रक्षण करिते. भांडें मजबूत करीत नाहीं. कथिलाचा तो पातळ थर आंबट पदार्थ कळकूं देत नाहीं, एवढेंच त्याचें काम. पत्रा मुळांत हलका असला तर कल्हई कितीही उजळ असो, पोंचा यावयाचा तो येतोच. ही साधी गोष्ट सायकलीचे दांते विकत घेतांना मात्र आम्ही विसरलों, आणि त्याचा दंड घरांतील एका निरपराध मुलास भोगावा लागला.

आमचा पुतण्या कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून रोज भंडाऱ्यास कॉलेजांत जातो. त्याच्या सायकलीस मागच्या चाकावर आठ दांतेरी चकत्यांचा संच आहे. त्यास कॅसेट म्हणतात. १९७८ सालीं शिमानो या जपानी कंपनीनें ही रचना बाजारांत आणिल्यावर ती हळूहळू सर्वत्र रूढ झाली. गेल्या दिवाळींत जुना संच झिजला म्हणून आम्हीं स्वतः दुकानांत जाऊन आरशासारखा चकाकणारा नवा संच पसंत केला. दुकानदार म्हणाला, "चेनही बदलून घ्या." आम्हांस तो विक्रीचा डाव वाटला, व जुनीच चेन आम्हीं कायम ठेविली.

श्रावण संपतो न संपतो तोंच पायडलावर जोर देतांच चेन दांत्यांवरून सटकूं लागली. एके दिवशीं पुलाच्या चढावर, मागून ट्रक येत असतां, मुलगा पडतां पडतां वाचला. घरीं आल्यावर आम्हीं त्यालाच बोल लाविला. "काका, मीं सायकल कोठें आपटली नाहीं," एवढेंच म्हणून तो गप्प बसला. वहिनींनीं वाढलेलें ताट त्या रात्रीं तसेंच राहिलें. पुढें आम्ही कारण शोधूं लागलों, तेव्हां जें कळलें तें असें.

कॅसेटच्या चकत्या बहुधा पोलादी असतात. त्यांवर निकेल, क्रोमियम किंवा जस्ताचा मुलामा असतो, आणि तो मुख्यतः गंजापासून बचाव करण्यासाठीं. त्यांतही भेद आहे. जस्ताचा थर खरचटला तरी जस्त स्वतः क्षीण होऊन शेजारच्या लोखंडास वांचवितें. निकेलचें तसें नाहीं. त्याचा थर अखंड आहे तोंवर उत्तम, परंतु एकदां भेग पडली कीं उघडें पडलेलें लोखंड उलट अधिक लवकर गंजतें. चेन जेथें घांसते तेथें तर कोणताही मुलामा फार दिवस टिकत नाहीं. कांहीं महाग चेनींवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर देतात. तो खरोखर कठीण असतो. पण त्याची जाडी मिलिमीटरच्या अवघ्या कांहीं सहस्रांशांइतकी. तो गेला कीं खालच्या धातूवरच भिस्त.

तेव्हां दांत्याचें आयुष्य ठरतें तें आंतील धातूवर. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारें एकतृतीयांश वजनाचें, म्हणून हलक्या सायकलींत मोठ्या चकत्या त्याच्या करितात. तेथें भार पुष्कळ दांत्यांवर वांटला जातो. अकरा-बारा दांत्यांच्या लहान चकत्यांवर मात्र तोच भार थोड्या दांत्यांनीं सोसावयाचा असतो, म्हणून तेथें पोलादच हवें. आणि पोलादाचा टणकपणा बाहेरून फांसतां येत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत तुमसर तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें ज्याच्या खाणी आहेत, तें मँगनीज पोलादांत थोडें तरी असतेंच. गंधकामुळें तापल्या पोलादास येणारा ठिसूळपणा तें घालवितें, आणि लोहार विळ्यास देतो तसें पाणी दिलें असतां कठीणपणा आंतवर पोहोंचण्यास साह्य करितें. असा टणकपणा मुलाम्याखालीं डोळ्यांस दिसत नाहीं, हीच खरी अडचण.

तथापि आमच्या संचाचा खरा शत्रु जुनी चेन हीच होती. चेन लांबते म्हणजे तिचें पोलाद ताणलें जातें असें नव्हे. प्रत्येक सांध्यांतील पीन व तिच्या भोंवतालचें भोंक झिजून ढिलें होतें, आणि शंभराहून अधिक सांध्यांची ती ढिलाई एकत्र होते. नदीकांठच्या वाळूंतील गारेचे कण साध्या पोलादाहून कठीण असतात. ते तेलांत मिसळले कीं घांसण्याचें द्रव्यच तयार होतें. अशी लांबलेली चेन नव्या दांत्यांच्या मुळाशीं नीट बसत नाहीं. ती वर चढते, सारा भार एकदोन दांत्यांवर टाकिते, आणि त्यांस झिजवून वांकड्या नखांसारखे करिते. मग कसलाही मुलामा उपयोगी पडत नाहीं.

यावर उपाय प्रत्येक घरांतील दप्तरांत आहे, तो म्हणजे बारा इंची पट्टी. चेन ताणून धरून पट्टीचें शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवावें, व ती पीन सोडून पुढील २४ पिना मोजाव्या. नव्या चेनींत चोविसावी पीन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढें गेली असेल तर चेन बदलावी. १/८ इंच पुढें गेली असेल तर चेनीबरोबर चकत्याही गेल्या असें समजावें. पावसाळ्यांत चेन वरचेवर पुसून कोरडी करावी, मग प्रत्येक सांध्यावर तेलाचा एकेक थेंब सोडावा व वरचें तेल पुसून टाकावें. वरून चोपडलेलें तेल धूळच गोळा करितें.

आम्हीं जुनी चेन अशी मोजली, तों चोविसावी पीन १/८ इंचाच्याही पलीकडे गेलेली. पुतण्यास हांक मारून तें दाखविलें आणि चूक आमची होती हें सर्वांसमक्ष सांगितलें. आतां नवी चेन व साधा पोलादी संच बसविला आहे. चेनीचे पैसे वांचविण्याच्या नादांत संचाचे पैसे दोनदां गेले, याचा हिशेब वहिनींनीं जमाखर्चाच्या वहींत लिहून ठेविला आहे. ज्यांच्या घरीं मुलें सायकलीवर जातात त्यांनीं येत्या रविवारीं एकदां पट्टी लावून पाहावी, आणि बोल लावावयाचा तो त्यानंतर लावावा.