पोळे जाळण्यापूर्वी

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग भरतो. गेली काही वर्षे तो घेण्याचे काम आमच्याकडे आहे. आठवडाभर कचेरीत आकडे लिहिणाऱ्या माणसाला एक दिवस मुलांत बसले की बरे वाटते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही धम्मपदातील पुप्फवग्ग समजावून सांगत होतो. त्यात मधमाशीची उपमा येते. फुलाला धक्का न लावता ती रस नेते, तसे सज्जनाने गावात वावरावे, असा त्याचा भाव. मुलांनी माना डोलावल्या. वर्ग सुटला आणि पाचच मिनिटांत मागच्या अंगणातून रडण्याचा आवाज आला. जास्वंदीच्या फांदीला तळहाताएवढे पोळे लागले होते. एका मुलाने दगड मारला आणि डंख बसला तो दुसरीतल्या एका मुलीच्या कानाला.

आम्ही नखाने काटा खरवडून काढला, गार पाण्याची पट्टी ठेवली. तोवर माणसे जमली. कोणी सुक्या झावळ्यांची चूड पेटवायला निघाले. आम्ही आडवे गेलो. तेव्हा त्या मुलीची आजी म्हणाली, ‘‘गुरुजी, तुमच्या लेकीला चावली असती, तर असंच बोलला असतात काय?’’

आम्हाला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर लहानपणी आम्हीही पोळी जाळली आहेत. पण त्या दिवशी लक्षात आले, की चूक एकट्या त्या मुलाची नव्हती. पुस्तकातली माशी आम्ही शिकवली, अंगणातली दाखवायची राहून गेली.

आजींकडे आम्ही थोडे दिवस मागितले. त्या म्हणाल्या, ‘‘जाळू नका, पण पोरांना जवळ सोडू नका.’’ दोन्ही अटी रास्त होत्या. पोळ्यापासून दहा पावलांवर दोरी बांधली. दोरी ओलांडायची नाही, ओरडायचे नाही, नुसते बघायचे.

ती फुलोरी माशी होती. लहान, उघड्या फांदीवर एकच पोळे करणारी. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते ती सातेरी. तिला पेटीत पाळता येते. उंच झाडाला किंवा मोठ्या इमारतीच्या छज्जाखाली भले मोठे एकच पोळे लोंबते ते आग्या माशीचे. आग्यापासून मुलांनी लांबच राहावे आणि पोळे जाण्यायेण्याच्या वाटेवर असेल तर जाणकार माणसाला बोलवावे. भीती नको म्हणजे सावधगिरी नको, असे नव्हे. डंखानंतर अंगभर गांधी उठल्या किंवा दम लागला, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. जाणकार सांगतात, एक कामकरी माशी आयुष्यभर राबून चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध करते. म्हणजे एक चमचा मध ही बारा माश्यांची जन्माची कमाई! माणसाला डंख मारला की तिचा काटा कातडीत अडकतो, पोट फाटते आणि ती मरते. म्हणून घरावर संकट आल्याशिवाय ती सहसा डंख मारत नाही. दगड मारणारा मुलगा खाली बघू लागला.

मार्चअखेर एका सकाळी पोळे रिकामे दिसले. फुलोरी अशी जागा बदलते. ती मुलगी विचारू लागली, ‘‘परत आल्या तर दोरी आहे ना, गुरुजी?’’ दोरी आम्ही कपाटात जपून ठेवली आहे.

पावसाळ्यात घरोघरी करण्यासारखा एक प्रयोग आम्ही मुलांकडून करवला. भोपळ्याच्या मादीफुलाखाली चिमुकला भोपळा असतो. उद्या उमलणाऱ्या एका कळीला आदल्या संध्याकाळी पातळ फडक्याची पिशवी बांधा, दुसरी मोकळी सोडा. माश्यांची ये-जा असेल तर मोकळ्या फुलाखालचा भोपळा धरतो, बांधलेला पिवळा पडून गळतो. नरफुलातला पराग त्याला कोणी आणून दिलेलाच नसतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल विसरत नाही.

हा प्रश्न आपल्या पोटापाण्याचाही आहे. काजूच्या फुलांवर, आंब्याच्या मोहोरावर मधमाश्या आणि इतर माश्या हेच काम करतात. आपल्यातील कितीतरी जण बागांत फवारणीला जातात. फुले उमललेली असताना, माश्या फिरत असताना विषारी औषध मारू नये, हे बागमालकाला सांगायला आपण कचरू नये.

मध हवा म्हणून पोळे जाळण्याचीही गरज नाही. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मधपेटीतली चौकट यंत्रात फिरवून मध काढता येतो आणि पोळे जसेच्या तसे परत ठेवता येते.

२० मे हा २०१८ पासून जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळला जातो. त्या वेळी शाळांना सुट्टी असते, मुंबईची भावंडेही गावी आलेली असतात. माता-भगिनींनो, बंधूंनो, त्या दिवशी मुलांना घेऊन परसात एखाद्या फुलापाशी अर्धा तास बसा. आणि पुढच्या वेळी कोणी चूड पेटवायला निघाले, तर त्याच्या हाती आधी दोरी द्या.

जयभीम!