सांध्यातले निरोप आणि हातून जाणारे महिने

आज १२ ऑक्टोबर, जागतिक संधिवात दिन. शहराशहरांत चालण्याचे कार्यक्रम होतील, गुडघ्यांच्या मोफत तपासण्या होतील आणि बहुतेक भाषणे उतारवयातल्या झिजेवर येऊन थांबतील. झिजेचा प्रश्न मोठाच आहे. पण आजच्या दिवशी आमवाताबद्दल, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्याबद्दल बोलणे आम्हाला अधिक निकडीचे वाटते. हा आजार म्हातारपणाची वाट पाहत नाही. भर उमेदीच्या वयातही तो गाठतो आणि पुरुषांच्या दुपटीतिपटीने बायकांना होतो. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, बोटांचे सांधे सुजतात, कणीक मळवत नाही, धुणे पिळवत नाही. घरातले उत्तर मात्र ठरलेले असते. वात आहे, बाळंतपणात अंगावर पाणी घेतले असेल, थंडी सरली की बरे वाटेल. या उत्तरावर जे महिने निघून जातात, त्या महिन्यांत सांध्याच्या आत काय चाललेले असते, हे गेल्या पन्नास वर्षांत विज्ञानाने पेशींच्या पातळीपर्यंत उलगडले आहे. ते समजून घेतले तर वाट पाहणे किती महागात पडते, हे कोणालाही पटेल.

सांध्यात दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या ऊती एकमेकींना टेकून असतात. हाडाचे काम कधीच थांबत नाही. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट त्या जागी नवे रचतात, आणि हा व्यवहार जन्मभर चालतो. कूर्चेचे तसे नाही. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतू नाहीत. मोजक्या पेशी, त्यांच्याभोवती कोलॅजेनचे जाळे, आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे ॲग्रिकॅन. पाणी धरलेले असते म्हणून ती शरीराचा भार सोसते. चेतातंतू नसतात म्हणून तिची हानी सुरू झाली तरी ती स्वतः दुखत नाही.

या कूर्चेबद्दल कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१६ साली एक विलक्षण अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि नंतर वर्षागणिक ओसरत गेला. त्याचे प्रमाण मोजले की शरीरातला एखादा पदार्थ साधारण कोणत्या वर्षांत तयार झाला ते सांगता येते. माणसांच्या गुडघ्यांतली कूर्चा या पद्धतीने तपासली तेव्हा तिच्या कोलॅजेनमधला कार्बन त्या त्या माणसाच्या वाढीच्या वयातला निघाला. म्हणजे साठाव्या वर्षी आपण ज्या कूर्चेवर चालतो तिचे जाळे आपल्या शाळेच्या वयात विणले गेलेले असते आणि पुढे ते नव्याने विणले जात नाही. आमवाताबद्दलची आमची सारी घाई या एका शोधातून येते.

ही आयुष्यभराची कूर्चा आजारात नाहीशी होते, ती कोणाच्या हातून? १९७०च्या दशकात केंब्रिजमध्ये ऑनर फेल यांनी डुकराच्या सांध्याचे अस्तर आणि कूर्चा एकत्र वाढवून पाहिली. दोहोंचा स्पर्श होत नव्हता तरी कूर्चा विरघळू लागली. मेलेली कूर्चा ठेवली तर मात्र दुरून तिला काहीच होत नव्हते. याचा अर्थ अस्तराकडून काहीतरी निरोप येत होता आणि तो ऐकून कूर्चेतल्या जिवंत पेशी स्वतःच आपल्या भोवतीचे घर मोडत होत्या. या निरोपाला तिथल्या शास्त्रज्ञांनी कॅटाबोलिन असे नाव दिले. पुढे जेरेमी साकलातवाला यांनी तो रेणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि आज इंटरल्यूकिन-१ म्हणून ओळखला जाणारा रेणू तोच, हे स्पष्ट झाले. १९८६ साली त्यांनीच दाखवले की ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे टीएनएफ, हा दुसरा रेणूही कूर्चेला हाच निरोप देतो. जुने तोडा आणि नवे घडवू नका, अशी ती दुहेरी आज्ञा असते. ती मिळाली की कूर्चेच्या पेशी ॲग्रिकॅन आणि कोलॅजेन कापणारी विकरे सोडतात. आधी ॲग्रिकॅन जाते. तोवर सावरायला थोडी जागा असते. कोलॅजेन तुटले की ती जागाही उरत नाही.

निरोप्यांची नावे कळली तशी त्यांची यादीही वाढली. आमवातात सुजलेल्या अस्तरात टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि असे कितीतरी रेणू एकाच वेळी सापडतात. इतक्यांपैकी एकाला अडवून काय होणार, असे त्या काळी बहुतेकांना वाटे. लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन, फिओनुला ब्रेनन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी हे मत तपासून पाहिले. रुग्णांच्या अस्तरातल्या पेशी वाढवून त्यांतल्या फक्त टीएनएफला प्रतिपिंडाने बांधले, तर इंटरल्यूकिन-१ सुद्धा बनेनासे झाले. हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. बाकीचे निरोपे टीएनएफच्या मागोमाग निघतात, असा त्याचा अर्थ होता. १९९२ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना हा प्रतिपिंड शिरेतून दिला गेला. १९९४ सालच्या चाचणीत जास्त मात्रा मिळालेल्या २४ जणांपैकी १९ जणांना चार आठवड्यांत ठळक गुण आला, तर औषध नसलेले द्रावण मिळालेल्या २४ जणांपैकी दोघांनाच. वैद्यकात एखादी कल्पना इतक्या निःसंशयपणे खरी ठरल्याची उदाहरणे थोडी आहेत.

हाडाची गोष्ट अजून निराळी. हाड विरघळवणाऱ्या पेशी घडवण्यासाठी रँकल नावाचा रेणू लागतो आणि ओपीजी नावाचा दुसरा रेणू त्याला बांधून ठेवतो. १९९७-९८ या दोन वर्षांत ही जोडी ओळखली गेली. निरोगी शरीरात दोघांचा तोल असतो. आमवातात सुजलेले अस्तर रँकल भरमसाट सोडते, टीएनएफ त्याला साथ देतो आणि सांध्याच्या कडांना हाड कुरतडले जाते. क्ष-किरणात बोटांच्या सांध्यांशी जे खड्डे दिसतात ते हेच. पण कुरतडलेले हाड भरून का येत नाही? टीएनएफ डीकेके-१ नावाचा आणखी एक रेणू वाढवतो आणि तो हाड रचणाऱ्यांचे काम बंद पाडतो. गेओर्ग शेट यांच्या गटाने २००७ साली उंदरांमध्ये डीकेके-१ अडवला, तेव्हा हाड कुरतडण्याऐवजी सांध्यांच्या कडांना नवे हाड वाढू लागले. मणक्याच्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये हाडाला हाड जुळत का जाते, याचाही एक धागा इथे हाती लागला.

हाड आणि कूर्चा शेजारी असली तरी दोहोंचे नुकसान एकाच वाटेने होत नाही, हे औषधांनीच दाखवून दिले. रँकलला बांधणारे डेनोसुमॅब दिले तर हाडाचे खड्डे पडणे मंदावते, पण कूर्चेचे विरणे थांबत नाही. तिला वाचवायचे तर मुळातला दाहच शमवावा लागतो.

दुखणे आणि नुकसान यांचेही असेच वेगवेगळे हिशेब असतात. टीएनएफला अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ज्यांच्या सुजेला आणि दुखण्याला फारसा उतार पडला नाही, त्यांच्याही सांध्यांची पडझड मंदावलेली दिसली. उलट बाजूही तितकीच खरी आहे. नुसत्या वेदनाशामक गोळीने दुखणे शांत होते, पण आतले निरोप चालूच राहतात. गावोगावच्या दवाखान्यांत मिळणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा वातावरची म्हणून विकली जाणारी, आत काय आहे हे न सांगणारी पुडी चार दिवस मूठ वळवून देते. तेवढ्यात बाईला वाटते की आपण बऱ्या झालो. वर्षानुवर्षे तसेच घेतलेल्या स्टेरॉइडने हाडे आणखी ठिसूळ होतात. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य हातात, थोड्या मात्रेत, थोड्या काळापुरते ते मोलाचे आहे. निदानाशिवाय ते देत राहणे आम्हाला अक्षम्य वाटते.

आपल्या देशात या उपचारांना आणखी एक बाजू आहे. टीएनएफ हा काही निव्वळ शत्रू नाही. क्षयाच्या जंतूंभोवती पेशींचे कडे करून त्यांना डांबून ठेवण्याचे काम तोच टिकवतो. त्याला अडवले की शरीरात वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेला क्षय जागा होऊ शकतो, हे २००१ साली लक्षात आले. जिथे इतक्या माणसांच्या छातीत हा जंतू झोपलेला आहे, तिथे असे इंजेक्शन देण्यापूर्वी क्षयाची तपासणी टाळणे म्हणजे जिवाशी खेळ. किमतीच्या बाबतीत आपल्या उद्योगाने चांगले काम केले आहे. टीएनएफलाच अडवणाऱ्या अडालिमुमॅबची जगातली पहिली जैवसमान आवृत्ती २०१४ साली अहमदाबादच्या झायडसने बाजारात आणली. तरीही ही औषधे मजुरी करणाऱ्या घराच्या आवाक्यात नाहीत. पण बहुतेक रुग्णांची सुरुवात या औषधांनी करावीच लागत नाही. मेथोट्रेक्सेट ही जुनी, स्वस्त गोळी आजही उपचाराचा कणा आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि ही गोष्ट औषध देणाऱ्याने प्रत्येक वेळी, रुग्णाच्या भाषेत, पुन्हा सांगायलाच हवी.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून केलेल्या पाहणीत ग्रामीण लोकसंख्येत आमवाताचे प्रमाण हजारी पाचच्या आसपास आढळले. आकडा लहान वाटतो. पण पाच हजार वस्तीच्या गावाला हेच प्रमाण लावले तर पंचवीस माणसे होतात, आणि त्यांत बहुतेक बायका. संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले. आपल्याकडचा बहुतेक आरोग्यविमा रुग्ण दाखल झाला तरच पैसे देतो. त्यामुळे सांधा पुरता गेल्यावर तो बदलण्याच्या शस्त्रक्रियेला पैसे मिळतात, पण तो वाचवू शकणाऱ्या गोळ्यांना, रक्ततपासण्यांना आणि तालुक्याहून शहरात जाण्यायेण्याला मिळत नाहीत. विज्ञान सांगते की पहिल्या काही महिन्यांतच लढाईचा रंग ठरतो, आणि आपली व्यवस्था खर्चाला तयार होते ती लढाई हरल्यानंतर. शासनाच्या आणि खासगी विम्याच्या योजनांनी आमवाताचा बाह्यरुग्ण उपचार आपल्या कक्षेत घ्यावा, ही आमची मागणी आहे.

दुसरी मागणी याहून साधी आहे आणि तिला निधीची वाट पाहावी लागत नाही. आजार लवकर हेरण्यासाठी तज्ज्ञांनी २००२ साली सुचवलेल्या खुणा कोणाही आशाताईला शिकवता येतील. तीन किंवा अधिक सांधे सुजलेले आहेत का? सकाळचा ताठरपणा अर्धा तास किंवा त्याहून जास्त टिकतो का? चार बोटांच्या मुळाशी हात आडवा धरून हलकेच दाबला, किंवा पायाचा चवडा तसाच दाबला, तर बाई कळवळते का? यांतली एक जरी खूण दिसली तरी तिला तज्ज्ञाकडे पाठवावे, आणि तेही त्याच आठवड्यात. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या ठिकाणी चिठ्ठी देण्याची सोय असावी आणि जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस फक्त सांध्यांच्या रुग्णांसाठी राखलेला असावा.